जावईबापू गेले, विहीणबाई आल्या

आमच्या घरात पुरुषमाणूस कोणी नाही, पण एक पुरुषी आवाज बरीच वर्षं होता. सकाळी सुरू व्हायचा तो जेवणाच्या वेळेपर्यंत चालायचा, आणि वेग असा की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी डब्यात डास कोंडलाय. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या कॉम्प्युटरचा आवाज. तिला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवर जे काही असेल ते हा आवाज तिला वाचून दाखवायचा, आणि तिला तो इतका भरभर लागायचा की मला त्यातलं अक्षर कळत नसे. या घरात ज्याचं बोलणं एवढं कान देऊन ऐकलं जातं असा तो एकटाच, म्हणून मी त्याला जावईबापू म्हणायची. आम्ही दोघींनीही लग्नं केली नाहीत. माझी कारणं मला माहीत आहेत. तिला मी कधी विचारलं नाही.

मी कपडे दुरुस्त करते. आमची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. पँटची कंबर सैल करणं, झिपा बदलणं, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलं की नवं लावणं. मागच्या खोलीत तिचं टेबल. मधे दार आहे, पण ते लावलेलं मला आठवत नाही, कारण दर थोड्या वेळाने तिची हाक येणार, "ताई, हे काय आहे बघ गं," आणि मी हातातलं टाकून बघायला जाणार. कागद आला की मी वाचायचा, डब्यावरची तारीख मी सांगायची, तिच्या फोनमध्ये कुणी फोटो पाठवला की त्यात काय आहे ते मी सांगायचं. लोक म्हणतात, तू तिचे डोळे आहेस. मला हे वाक्य आवडत नाही, पण खोटंही नाही.

घरात तिचं नाव खुडबुडी. गप्प बसणं तिच्या अंगातच नाही. लहानपणी आईच्या शिलाई मशीनच्या पोटात हात घालून तिने आतले सगळे भाग सुटे केले होते, आणि आईने कपाळाला हात लावला तेव्हा शांतपणे म्हणाली होती, "आवाज कुठून येतो ते बघत होते." मार मी खाल्ला, कारण लक्ष ठेवायचं काम माझं होतं. कुणाच्या नव्या घरी गेलो की बाकीचे खुर्च्यांवर बसायचे आणि ही भिंतीला हात लावून सगळ्या खोल्या फिरून यायची. यजमानांना अवघडल्यासारखं व्हायचं. तिला काही वाटायचं नाही.

सकाळी ती ऑफिसने घरी दिलेल्या कॉम्प्युटरवर काम करते आणि जेवून ऑफिसला जाते. हे ऑफिस म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाईप करून देणारी जागा. सभा, मुलाखती, चौकश्या, लोकांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या तक्रारींच्या सुनावण्या. एका कानात रेकॉर्डिंग, दुसऱ्या कानात जावईबापू, आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे, टाच दाबली की मागे. मीही दिवसभर पेडलच मारते, त्यामुळे संध्याकाळी आमच्या दोघींचे एकाच बाजूचे गुडघे दुखतात.

या कामात तिचा जीव रमतो. नावं वगैरे ती मला कधी सांगत नाही, पण बाकी काय काय ऐकते ते सांगते. हा माणूस उत्तर द्यायच्या आधी पेनाचं टोपण काढतो. या बाईचे दात खोटे आहेत. त्या खोलीत खुर्ची एकच कुरकुरते आणि साहेब तिच्यावरच बसलेत. याआधी चारेक वर्षं ती त्याच ऑफिसच्या टेलिफोनवर होती. "थांबा, जोडून देते." दिवसभर एवढंच. ती म्हणायची, "ताई, माझ्या कानापर्यंत माणसं येतात, एक वाक्य बोलतात आणि मी त्यांना दुसऱ्याच्या हवाली करते. पुढे काय झालं, कधीच कळत नाही." माझ्यासारखीला काय, पगार तोच. पण तिला ते दिवस आठवले तरी तिचा चेहरा उतरतो.

तर झालं असं, की ऑफिसने सगळे जुने विंडोजचे कॉम्प्युटर काढले, तिचा घरचासुद्धा, आणि सगळ्यांना मॅकचे लॅपटॉप दिले. टायपिंगचा नवा प्रोग्राम त्यांच्यावरच चालणार होता. मॅनेजर माणूस वाईट नाही. त्याने तिला घरी न्यायला एक लॅपटॉप दिला आणि म्हणाला, "मॅडम, महिनाअखेरीला एक रेकॉर्डिंग देईन. ते याच्यावर करून दाखवा. नाही जमलं तर टेलिफोनची जागा रिकामीच आहे, तुमची नोकरी कुठे जात नाही." त्याला वाटलं, त्याने धीर दिला. ती घरी आली ती एक शब्द न बोलता.

तिची ही गप्प बसण्याची हौस मात्र खोकं उघडेपर्यंतच टिकली. लॅपटॉप हातात घेतला आणि कडेकडेने बोटं फिरवायला लागली. "गार आहे गं. ताटासारखा. याला कडीबिडी काही नाही, उघडायचा कुठून?" मग भोकं शोधली. मग नाकाशी धरून वास घेतला. मी म्हटलं, "चाटून बघ आता." ती म्हणाली, "थांब, येईल तीही वेळ."

पहिल्याच दिवशी एक भानगड झाली. जावईबापूंना काहीही सांगायचं असलं की ती इन्सर्ट नावाचं बटण दाबून सांगायची. तिचं बोट न विचारता तिथे जायचं. या लॅपटॉपवर ते बटणच नाही. तिचं बोट सवयीने जायचं आणि कीबोर्डच्या बाहेर, हवेत पडायचं. चार वेळा पडलं. मला बघवेना. त्याऐवजी कंट्रोल आणि ऑप्शन ही दोन बटणं एकदम धरायची असतात, हे तिने तिच्यासारख्याच एका मैत्रिणीला फोन करून विचारलं. सुरू केल्यावर आवाज आला तो बाईचा. संथ, स्वच्छ, एकेक शब्द घडी घालून ठेवल्यासारखा.

"अगं बाई," मी म्हटलं, "जावईबापू गेले आणि विहीणबाई आल्या."

विहीणबाईंचा वेग तिने पहिल्या तासातच वाढवला. पण पुढे घोडं अडलं. विहीणबाई काही सांगेचनात. म्हणजे बोलायच्या, पण काय बोलायच्या? "टूलबार." "स्क्रोल एरिया." की गप्प. खुडबुडी बाण दाबत पुढे जायची, पुन्हा एक नाव, पुन्हा गप्प.

"ताई, घर रिकामं आहे," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं तर स्क्रीन खचाखच भरलेली. "रिकामं कुठलं? ही एवढी मोठी यादी आहे समोर! तुझ्या सगळ्या फाइली आहेत."

"मला तर नुसतं 'स्क्रोल एरिया' म्हणते."

"मग डावीकडे वरच्या कोपऱ्यात ते सफरचंद आहे ना, ते दाब."

"डावीकडचा कोपरा कुठे असतो?"

आता हिला काय सांगायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हा ती जे बोलली ते मी कधी मनातही आणलं नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरला कोपरे कधी नव्हतेच. जावईबापू सगळं एका रांगेत वाचायचे, एकामागून एक, आणि तिच्या दृष्टीने कॉम्प्युटर म्हणजे ती लांबच लांब रांग होती. वर, खाली, बाजूला हे माझं होतं. एवढी वर्षं मी तिला "वरती आहे बघ" सांगत आले आणि ती "हो" म्हणून आपल्या रांगेतच शोधत राहिली. एकाच टेबलापाशी दोघी बसत होतो आणि दोघींच्या समोर वेगळीच वस्तू होती.

मी सांगायची, ती चिडायची. ती विचारायची, मी चिडायची. मधेच ती म्हणायची, "प्रोग्राम बंद केला," आणि मी बघावं तर खिडकी बंद, पण खाली त्याचं चित्र, चालू असल्याच्या ठिपक्यासकट, तसंच. खिडकी लावली तरी प्रोग्राम आत बसूनच होता. ते कळल्यावर ती वैतागण्याऐवजी हसली. "म्हणजे पाहुणा गेला असं वाटतं आणि तो मोरीत पाय धुतोय," म्हणाली. महिना मात्र सरत चालला होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे टेलिफोन दिसत होता. मी म्हटलंही, "मॅनेजरशी मी बोलते. तुला जुनंच मशीन देऊ देत." तिने माझ्याकडे असं तोंड वळवलं की मी पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी एका कोटाचं अस्तर उसवत होते, तर मागच्या खोलीतून नुसता बटणांचा खडखडाट. थांबेचना. आत गेले तर बाईसाहेब एकेक बटण दाबताहेत आणि विहीणबाई प्रत्येकाचं नाव सांगताहेत. तिला कुठूनतरी शोध लागला होता की विहीणबाईंना एक सराव लावता येतो. त्यात कुठलंही बटण दाबा, होत काही नाही, फक्त ते बटण काय करतं ते त्या सांगतात. हे म्हणजे खुडबुडीला मिठाईचं दुकान उघडून दिलं कुणी. दोन बटणं धरून तिसरं, तीन धरून चौथं, सगळ्या जोड्या ती ओळीने लावत बसली. जेवायला उठेना. मी ताट टेबलावर आणून ठेवलं तर डाव्या हाताने घास आणि उजव्या हाताने खुडबूड.

आणि मग ती ओरडली. मला वाटलं, बोट चेमटलं.

"ताई! आत जायचं असतं!"

"कुठे आत?"

"पेटीच्या! ते 'स्क्रोल एरिया' म्हणजे बंद पेटी! ही मला दारापर्यंत नेते, नाव सांगते आणि थांबते. शिष्टाचार आहे तिचा. आत जायचं असेल तर मी तसं म्हणायचं. ती दोन बटणं, वर शिफ्ट, आणि खालचा बाण. आणि बाहेर यायचं तर वरचा!"

तिने ते दाबलं आणि विहीणबाई घडाघडा बोलायला लागल्या. एकेक फाइल, नावासकट. बाण दाबून बाहेर, पुन्हा आत, दुसऱ्या पेटीत, त्या पेटीतल्या पेटीत. तिचा चेहरा लाल झाला होता. "एका रांगेत नाहीच आहे हे," ती म्हणत होती, "याला खोल्या आहेत, ताई. डावीकडे एक, मधे एक मोठी. तू म्हणतेस ते हेच का गं, कोपरे?" मला एकदम रडू आलं. का ते विचारू नका. मी पदराला डोळे पुसून "हो, हेच" म्हटलं आणि जेवण गार होतंय म्हणून तिच्यावर खेकसले.

त्यानंतर तिला थांबवणं माझ्या हाताबाहेरचं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशीपर्यंत तिचे नवनवे शोध चालूच होते. त्यातला शेवटचा पडद्याचा.

"ताई, हिच्यात एक पडदा आहे. सरावात म्हणाली, 'स्क्रीन कर्टन'. काय असेल?"

"असेल काहीतरी शोभेचं," मी दुकानातून म्हटलं. समोर एक गिऱ्हाईक स्टुलावर उभं होतं आणि मी त्याच्या पँटच्या उंचीवर खुणा करत होते. तोंडात टाचण्या.

"लावून बघते. लावला. आता बघ, काय बदललं दिसतंय?"

आता तोंडात टाचण्या घेऊन मी काय उठून जाणार होते? मी होते तिथूनच, मान न वळवता, नाकातून "हं, ठीक दिसतंय" केलं.

"काहीच फरक नाही?"

"हंहं."

"मग निरुपयोगीच आहे," ती म्हणाली, आणि विसरून गेली.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. गरज नव्हती. ऑफिसचा रस्ता तिला पाठ आहे, सिग्नलची टिकटिक ऐकून ती माझ्याआधी पाऊल टाकते. पण घरी बसून मी कुणाच्या पँटचे पाय वाकडे केले असते. ऑफिसात मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. तिचं टेबल येण्याजाण्याच्या वाटेवर, पाठ वाटेकडे. तिने लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, पेडल पायाखाली घेतलं, कानात इअरफोन घातले आणि सुरू झाली.

मी मान लांब करून पाहिलं. स्क्रीन काळी ठिक्कर. तीत उजेडाचा ठिपकासुद्धा नाही. आणि ती टाईप करते आहे, अशी तंद्री लागलेली, पाय चालतोय, बोटं चालताहेत. मला वाटलं, घात झाला. मशीन बंद पडलंय आणि हिला कळलंच नाही, ही हवेत टाईप करतेय. उठून सांगावं तर परीक्षेत बोलायचं नाही असं मॅनेजरने बजावलेलं. जाणारे-येणारे तिच्या मागे थबकायचे, एकमेकांकडे बघायचे आणि पुढे जायचे. एकाने तर तोंडावर हात धरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी बसून राहिले.

शेवटी मॅनेजर आला. बराच वेळ तिच्या मागे उभा राहिला. मग त्याने हलकेच तिच्या खांद्याला हात लावला. तिने एका कानातला इअरफोन काढला.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका मऊ होता की मला कळून चुकलं. "तुमची चूक नाही. तुम्ही खूप प्रयत्न केलात. टेलिफोनचं काम कमी प्रतीचं नसतं."

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "कुठे चुकलं माझं?"

"चुकलं असं नाही. मशीन बंद पडलंय. स्क्रीन काळी आहे."

"असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? मग तुम्ही एवढा वेळ करताय काय?"

"टाईप."

ती चाचपडली, इअरफोनची वायर उपटून काढली, आणि विहीणबाईंचा आवाज सगळ्या ऑफिसभर सांडला. डबाभर डास. माणसं जागेवरून उठून बघायला लागली. तिने वेग कमी केला, कमी केला, आणि मग शब्द कळायला लागले. कुणी एक भाडेकरू आणि कुणी एक घरमालक, गळक्या छताबद्दल भांडत होते. प्रश्न, उत्तर, प्रश्न. मधेच विहीणबाईंनी वाचलं, "कंसात, घरमालक पाणी पितात, कंस पूर्ण." मॅनेजर टेबलाला टेकला. हे रेकॉर्डिंग त्याने आधी ऐकलेलं होतं. "पाणी पितात हे मला ऐकू नव्हतं आलं," तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि माझं परीक्षेतलं मौनव्रत मोडलं. "अगं, पडदा!" मी दारातून ओरडले. "तो तुझा पडदा!"

"तो नाही," ती म्हणाली. "तू पाहिलास ना. ठीक दिसतंय म्हणालीस."

"मी कुठे पाहिलं होतं? माझ्या तोंडात टाचण्या होत्या!"

आधी मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग मॅनेजर, मग ती. हसता हसता तिने बटणं दाबली आणि स्क्रीन लख्ख उघडली. वरपासून खालपर्यंत टाईप केलेलं पान. मॅनेजरने वाकून वाचलं, आणखी एक पान वाचलं. "सोमवारपासून आपल्या जागेवर बसा," म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मी पिशवी उचलली सुद्धा.

ती मात्र उठेना. तिचं हसू थांबलं होतं.

"सर, तुम्ही आत्ता उभे राहून वाचलंत ते मागून?"

"हो."

"म्हणजे मागून जाणाऱ्याला ते दिसतं?"

"दिसणारच. उघडंच असतं ना."

"आधीच्या मशीनवरही?"

"हो, मॅडम."

तिने मान मागे, वाटेच्या दिशेला वळवली. कीबोर्डवर हात तसेच. स्क्रीनवर अक्षरं येतात हे तिला माहीत होतं, पण ती ते वाचायला बसलेल्या माणसासाठी येतात अशी तिची समजूत होती. वाटेने जाणारा कुणीही मान वळवून वाचू शकतो, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला तर ते सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं. तिने लोकांची भांडणं टाईप केली होती, दुखणी टाईप केली होती, दुपारच्या सुट्टीत मैत्रिणींना स्वतःचंही काय काय लिहिलं असेल. सगळं, स्क्रीनचं तोंड त्या वाटेकडे करून.

"मग मी तो लावूनच ठेवते," ती म्हणाली आणि तीच बटणं पुन्हा दाबली. स्क्रीन काळी झाली. मॅनेजरने मान हलवली, आणि तिला ती दिसणार नाही हे आठवून तोंडानेही "हो" म्हणाला.

घरी येईपर्यंत ती बडबडत होती. त्या भाडेकरूचं पुढे काय झालं असेल, विहीणबाईंना आणखी कोणत्या खोल्या असतील, टेलिफोनवर आता कोण बसेल बिचारं. मी हो हो करत होते. जेवणं झाली, मी कोटाचं अस्तर पुरं करायला बसले, ती मागे टेबलाशी बसली. बटणांचा आवाज येत होता, ऑफिसच्या कामाचा असतो तसा सलग नाही. थोडं टाईप, मग थांबणं, मग पुन्हा थोडं.

सुईत दोरा ओवायच्या निमित्ताने मी उठले आणि नेहमीसारखी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीन काळी होती.

"काय लिहितेस गं?"

"आहे काहीतरी."

"ऑफिसचं?"

"नाही. माझं."

मला राग आला, खरं सांगते. हिचा प्रत्येक कागद मी वाचला, हिचं प्रत्येक पाकीट मी फोडलं, आणि आज ही मला सांगते, माझं. जिभेवर चार शब्द आले होते. ती मात्र हात कीबोर्डवर ठेवून, मान किंचित तिरकी करून, मी जायची वाट बघत होती. चिडलेली नव्हती, घाबरलेली नव्हती. दार कसं लावतात ते नुकतंच कळलेलं माणूस जसं उभं असेल, तशी होती. एवढ्या वर्षांत तिच्याजवळ माझ्या नजरेआड ठेवण्यासारखी एक ओळसुद्धा नव्हती, आणि मी त्याला माया म्हणत आले होते.

"बरं," मी म्हटलं. मी पुढच्या खोलीत गेले, आणि जाताना मधलं दार ओढून घेतलं.